काळा पडदा व त्याची चौकशी



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानास उभा राहिला की तो वेतन, बोनस आणि संप यांवर बोलणार, असे धरून चालण्याचा प्रघात आहे. म्हणून आजचा विषय ऐकून कित्येकांस नवल वाटले असेल. संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटविणारे जे कार्ड असते, त्याचा ड्रायव्हर रुसला, तर लिनक्समध्ये नव्याने आलेल्या माणसाने काय करावे, हा तो विषय होय. आम्ही संगणकशास्त्री नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले आणि पुढचे सारे यंत्रमागाच्या कारखान्यात, संघटनेच्या कचेरीत व सार्वजनिक वाचनालयात झाले. कारखान्याचे स्थायी आदेश इंग्रजीत छापलेले असत. ते आम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. हा विषयही त्याच रीतीने शिकलो. जो या वाटेने नुकताच ठेचाळत आला, त्याला वाटेतले दगड ताजे आठवतात, एवढाच आमचा अधिकार.

प्रकरण कसे घडले

आमच्या कचेरीत दोन संगणक आहेत. दोन्ही जुने, लिलावात घेतलेले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे नेहमीचे पाठबळ संपले. विंडोज ११ साठी यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठराविक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. आमची यंत्रे त्या अटींत बसत नव्हती. पण यंत्रे धडधाकट होती. टंकलेखन होत होते, छपाई होत होती. ती भंगारात घालणे मनास पटेना आणि वर्गणीच्या पैशातून नवी घेणे परवडेना. तेव्हा कार्यकारिणीने ठराव केला की दोहोंवर लिनक्स बसवावे. ते बसले, चालले, आणि पहिला आठवडा सुखाने गेला.

मग कोणा हितचिंतकाने सांगितले, की लिनक्सबरोबर येतो तो ड्रायव्हर कामचलाऊ असतो. खरा ड्रायव्हर कार्ड बनविणाऱ्याकडून आणावा. आम्ही तो आणला. सर्वांत नवा तो सर्वांत चांगला, या समजुतीने सर्वांत नवाच आणला. बसविताना त्याने इंग्रजीत दोन-तीन वेळा काही विचारले. आम्ही दरवेळी होकाराचे बटण दाबले. जन्मभर कामगारांना सांगत आलो, की न वाचता कागदावर अंगठा उठवू नका; आणि स्वतः मात्र तेच केले. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले तो पडदा काळा.

चौथ्या दिवशी थकबाकीच्या दाव्याची तारीख होती. कोणाचे किती आठवड्यांचे वेतन राहिले, याचे तक्ते त्याच यंत्रात होते आणि त्यांची अलीकडची प्रत दुसरीकडे कोठेही नव्हती. तक्ते गेले असते, तर माणसांकडून नव्याने जबान्या घेऊन ते पुन्हा उभे करावे लागले असते. आमचा धीर सुटला. आधी दोष मॉनिटरला दिला. मग केबलला दिला आणि नवी केबल विकत आणली. शेवटी सारे पुसून लिनक्स पुन्हा बसवावे, अशा निर्णयाला येऊन पोचलो. तेव्हा कचेरीत हिशेब लिहिणारी मुलगी म्हणाली, "काका, चौकशीशिवाय शिक्षा नाही, असे तुम्हीच सांगता ना? मग या यंत्राची चौकशी कुठे झाली?"

आम्ही खुर्चीवर बसलो आणि चौकशीला सुरुवात केली. आज जे सांगावयाचे ते एवढेच, की ड्रायव्हरचा बिघाड हा दैवी कोप नव्हे. त्याला ठरावीक कारणे असतात, त्या कारणांची नोंद यंत्र स्वतः ठेवते, आणि क्रमाने गेले असता सामान्य माणूसही ती वाचू शकतो.

ड्रायव्हर म्हणजे कोण?

ड्रायव्हर म्हणजे यंत्र हाकणारा सारथी, अशी नावावरून समजूत होते. आमच्या मते त्याला दुभाष्या म्हणणे अधिक योग्य. आमच्या लहानपणी कारखान्यात परमुलखातून कामगार येत. त्यांची बोली व्यवस्थापकास कळत नसे आणि व्यवस्थापकाची यांना कळत नसे. मध्ये एक मुकादम असे, त्याला दोन्ही कळत. तो एक दिवस आला नाही, तर कामगार हजर, माग हजर, सूत हजर आणि तरी काम ठप्प.

संगणकाचेही तसेच आहे. लिनक्सचा जो गाभा, त्याला कर्नल म्हणतात. लष्करातला कर्नल तो नव्हे. दाण्यातला गर, असा त्या शब्दाचा अर्थ. हे कर्नल सर्व साधनांचा कारभार पाहते. ग्राफिक्स कार्ड हा त्याचा एक कामगार, पण त्याची बोली त्याच्या निर्मात्याने ठरविलेली असते. कर्नलचा हुकूम त्या बोलीत सांगणारा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर.

हा दुभाष्या एकटा नसतो. एक भाग कर्नलमध्ये बसतो, त्याला मॉड्यूल म्हणतात. दुसरा भाग कर्नलबाहेर राहून खिडक्या, चित्रे व खेळ यांची कामे घेतो; मोकळ्या ड्रायव्हरांच्या बाबतीत हे काम मेसा नावाचा ग्रंथसंच करतो. तिसरे म्हणजे फर्मवेअर, अर्थात कार्डाच्या स्वतःच्या पोटात भरावयाच्या सूचना. तिघांपैकी एक गैरहजर असला, तरी चित्र बिघडते. नवशिक्याला वाटते की ड्रायव्हर म्हणजे एक वस्तू, आणि ती एकतर आहे किंवा नाही. तिथेच त्याची पहिली चूक होते.

कार्डांची घराणी मुख्यतः तीन. इंटेलचे चित्रकाम बहुधा प्रोसेसरच्या पोटातच असते आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलबरोबर येतो. बहुतेक यंत्रांत त्याचे नाव आय-९१५. एएमडीच्या कार्डांसाठी एएमडीजीपीयू नावाचा मोकळा ड्रायव्हर २०१५ साली कर्नलच्या ४.२ या आवृत्तीत आला. त्याहून जुन्या कार्डांसाठी रेडिऑन आहे. तिसरे घराणे एनव्हिडियाचे. तिथे दोन दुभाषे आहेत. एक नूवो. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ नवा. तो स्वयंसेवकांनी कार्डाची बोली बाहेरून ऐकून ऐकून तयार केला आणि २०१० साली कर्नलच्या २.६.३३ या आवृत्तीत दाखल झाला. दुसरा खुद्द एनव्हिडियाचा. हे दोघे एकाच कार्डावर एका वेळी काम करू शकत नाहीत. एकाला बसवावयाचे तर दुसऱ्याला उठवावे लागते. नवशिक्यांची अर्धी दुःखे या उठाबशीतून उत्पन्न होतात.

चौकशीचा क्रम

माग बंद पडला की अनाडी माणूस हातोडी उचलतो. चांगला जॉबर आधी धोटा कोठे थांबला ते पाहतो, मग कांडी, मग ताणा. क्रम हेच त्याचे शहाणपण. इथेही क्रम पाळावा.

पहिला प्रश्न : पडदा कोणत्या टप्प्यावर काळा झाला? कळ दाबताच यंत्राच्या निर्मात्याचे चिन्ह पडद्यावर दिसते का? दिसत असेल तर केबल, मॉनिटर आणि कार्डाचा सांगाडा निर्दोष आहे, असे बहुधा समजावे. बिघाड पुढे आहे. आमच्या यंत्रावर ते चिन्ह रोज दिसत होते. म्हणजे केबल निर्दोष होती, आणि नव्या केबलीचे पैसे आम्ही चौकशीशिवाय दिलेला दंड होता. चिन्हच दिसत नसेल, तर केबल कोणत्या भोकात खोचली आहे तेही पाहावे. वेगळे कार्ड बसविलेल्या यंत्राला मागे दोन ठिकाणी भोके असतात, आणि केबल कार्डाच्या भोकात हवी.

दुसरे काम : कागद सुरक्षित करणे. पडदा काळा झाला म्हणजे डिस्क पुसली गेली असे नव्हे. ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स बसविले, तोच पुन्हा लावून त्यावरून यंत्र सुरू करावे. डिस्कला हात न लावता लिनक्स तात्पुरते चालते. याला लाइव्ह सत्र म्हणतात. आमच्या मुलीने तसे केले. पडद्यावर चित्र आले, आतली जुनी डिस्क उघडली आणि थकबाकीचे तक्ते जसेच्या तसे सापडले. तिने त्यांची प्रत काढली तेव्हा आम्ही पाणी प्यालो. या एका कृतीने दोन गोष्टी साधल्या. कागद वाचले, आणि लाइव्ह सत्रात चित्र आले त्या अर्थी कार्ड जिवंत आहे, हेही सिद्ध झाले. दोष नक्की आमच्या बसविण्यात होता.

तिसरे काम : यंत्राशी अक्षरांनी बोलणे. चित्राचा पडदा काळा असला, तरी आत अक्षरांचा पडदा पुष्कळदा जागा असतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकदम दाबाव्या. नाव व परवलीचा शब्द विचारला जाईल. परवलीचा शब्द लिहिताना पडद्यावर काहीही उमटत नाही. त्याने घाबरू नये. अक्षरांचा पडदाही आला नाही, तर यंत्र सुरू होताना ग्रब नावाची यादी उघडावी. काही यंत्रांवर त्यासाठी शिफ्ट दाबून धरावी लागते, काहींवर एस्केप दाबावी लागते. यादीतील पहिल्या ओळीवर ई हे अक्षर दाबले की सुरुवातीच्या सूचना दिसतात. त्यांत लिनक्स या शब्दाने आरंभ होणारी जी ओळ, तिच्या शेवटी एक जागा सोडून नोमोडसेट हा एक शब्द रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहावा आणि कंट्रोल व एक्स दाबावे. याचा अर्थ असा, की या खेपेस कोणत्याही दुभाष्याला बोलावू नकोस, साध्या खुणांवर काम चालव. पडदा ओबडधोबड येतो, पण येतो.

मात्र एक इशारा. नोमोडसेट हा आजाऱ्याचा पथ्याचा भात आहे. ग्रबमध्ये असा लिहिलेला शब्द त्या एका खेपेपुरताच राहतो, हे चांगले. पुष्कळ लोक तो कायमचा लिहून ठेवतात आणि मग लिनक्स संथ आहे अशी तक्रार करतात. संथ का? कारण कार्डाला काम दिलेलेच नसते आणि त्याचे ओझे प्रोसेसर वाहत असतो. यंत्राच्या माहितीच्या पानावर ग्राफिक्स या शब्दापुढे एलएलव्हीएमपाइप असे नाव दिसले, तर ओळखावे की कार्ड बसून आहे आणि दुसराच कोणी त्याची पाळी भरतो आहे.

चौथे काम : हजेरी घेणे. अक्षरांच्या पडद्यावर एलएसपीसीआय हा शब्द, मग एक जागा, मग आडवी रेघ आणि तिला चिकटून के, असे लिहून एंटर दाबावे; हेही रोमन लिपीत, लहान अक्षरांत. यंत्रात बसविलेल्या सर्व साधनांची यादी येते. तीत व्हीजीए अथवा थ्रीडी कंट्रोलर असे ज्या ओळीत असेल, ते आपले कार्ड. त्याच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असते, आणि तिच्यापुढे कामावर असलेल्या दुभाष्याचे नाव. आमच्या यादीत कार्ड होते. ती खालची ओळच नव्हती. कामगार हजर, मुकादम गैरहजर!

पाचवे काम : नोंदवही वाचणे. यंत्र सुरू झाल्यापासून जे जे घडते, ते सारे लिनक्स लिहून ठेवते. जर्नलसीटीएल, मग जागा, मग आडवी रेघ व बी, असे लिहिले असता या खेपेची नोंद येते. त्यापुढे आणखी एक जागा सोडून आडवी रेघ व एकाचा आकडा लिहिला, तर बहुधा मागच्या खेपेचीही येते. नोंद शेकडो ओळींची असते. सारी वाचण्याचे कारण नाही. ड्रायव्हरच्या नावाची, 'एरर' किंवा 'फेल्ड' असे शब्द असलेली ओळ शोधावी. आमच्या नोंदीत अगदी स्वच्छ लिहिले होते, की हे कार्ड जुन्या मालिकेच्या ड्रायव्हरचे आहे आणि बसविलेला नवा ड्रायव्हर त्याकडे दुर्लक्ष करील. आम्ही होकाराचे बटण दाबले तेव्हाही बहुधा हेच विचारले असणार.

मग सारा उलगडा झाला. नव्या ड्रायव्हरने बसताना जुन्याला मनाईहुकूम बजावला होता. जुना घरी बसला, आणि नव्याला त्या कार्डाची बोलीच येत नव्हती. आम्ही नवा काढून टाकला, मनाईची फाइल हटविली, कर्नलचा सुरुवातीचा संच पुन्हा बांधला आणि यंत्र सुरू केले. जुना दुभाष्या कामावर रुजू झाला. टंकलेखन, तक्ते व छपाई यांना तो पुरेसा होता. तारखेच्या आदल्या रात्री तक्ते छापून झाले.

नेहमीची कारणे

आमचे प्रकरण एका प्रकारचे. त्यानंतर ओळखीच्या लोकांची जी यंत्रे पाहण्यात आली आणि जे वाचनात आले, त्यावरून कारणांचे चार-पाच वर्ग पडतात.

पहिला वर्ग कार्ड व ड्रायव्हर यांच्या वयातील अंतराचा. एनव्हिडियाची केप्लर पिढीची कार्डे ४७० या मालिकेपर्यंतच चालतात, आणि त्या मालिकेच्या दुरुस्त्या २०२४ मध्ये संपल्या. अशा कार्डावर सर्वांत नवा ड्रायव्हर घालणे म्हणजे आजोबांना नातवाचा सदरा घालणे. याउलट, कार्ड अगदी नवे आणि कर्नल व मेसा जुने असले, तरी ओळख पटत नाही. तेव्हा वितरणाची नवी आवृत्ती किंवा नवे कर्नल घ्यावे लागते. म्हणून आधी कार्डाचे नाव, मग त्याची मालिका, आणि त्यानंतर ड्रायव्हर.

दुसरा वर्ग बाहेरून आणलेल्या ड्रायव्हरचा. उबुंटू, मिंट, फेडोरा ही लिनक्सची वितरणे होत. प्रत्येकाचे आपले भांडार असते. उबुंटूत 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' आणि मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' असे घरचेच साधन आहे. ते कार्ड पाहून योग्य मालिका सुचविते. फेडोराचे लोक यासाठी आरपीएम फ्यूजन हे जोडभांडार वापरतात. भांडारातून घेतलेल्या ड्रायव्हरची नोंद वितरणाकडे राहते आणि कर्नल बदलले की त्याचीही तजवीज होते. बाहेरून आणून बसविलेला ड्रायव्हर हजेरीपटावर नसलेल्या कामगारासारखा. त्याची जबाबदारी कोणावरच नाही.

तिसरा वर्ग कर्नल बदलल्यानंतरचा. काल चालत होते, रात्री नवी आवृत्ती आली, सकाळी पडदा काळा. बाहेरचे मॉड्यूल प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधावे लागते. डीकेएमएस नावाची योजना ते आपोआप करते. परंतु कर्नलच्या हेडर फाइली नसल्या किंवा डिस्कवर जागा उरली नाही, तर बांधणी अर्धवट राहते. उपाय सोपा आहे. ग्रबच्या यादीत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जुने कर्नल ठेवलेले असते. ते निवडून यंत्र सुरू करावे. चित्र आले, तर कार्ड ठीक आणि बांधणीत दोष, असा निवाडा झाला. मग सावकाश ती पुरी करावी. म्हणूनच जागा वाचविण्यासाठी सगळीच जुनी कर्नले पुसून टाकू नयेत.

चौथा वर्ग सहीशिक्क्याचा. नव्या यंत्रांत सिक्युअर बूट नावाची व्यवस्था असते. सही नसलेले मॉड्यूल ती दारातच अडविते. ड्रायव्हर बसविताना उबुंटूसारखे वितरण एक परवलीचा शब्द ठरवावयास सांगते आणि यंत्र पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच शब्द द्यावयाचा असतो. नवखा माणूस घाबरून पुढे जाण्याचे बटण दाबतो. सही नोंदविली जात नाही, आणि ड्रायव्हर बसूनही कामावर घेतला जात नाही.

पाचवा वर्ग दोन कार्डांच्या लॅपटॉपचा. त्यांत इंटेलचे किंवा एएमडीचे आतले चित्रकाम असते आणि शिवाय एक वेगळे कार्डही असते. कित्येक लॅपटॉपांत प्रोजेक्टरची केबल लावण्याचे भोक या दुसऱ्या कार्डाला जोडलेले असते. घरी लॅपटॉपचा पडदा उत्तम दिसतो, आणि सभागृहात प्रोजेक्टर मात्र आंधळा. व्याख्याते केबल बदलतात, संयोजकांवर रागावतात. दोष मात्र दुसऱ्या कार्डाच्या ड्रायव्हरचा असतो. या सभागृहातही असा प्रसंग कधी आला असल्यास संयोजकांनी तो आठवावा.

एक नियम सर्व वर्गांना लागू आहे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. आम्ही कचेरीत शंभर पानी वही ठेवली आहे. तारीख, काय केले, काय घडले, आणि यंत्राने दाखविलेले इंग्रजी वाक्य व त्याचा आमच्या समजुतीप्रमाणे अर्थ, असे चार रकाने. एकदम पाच उपाय केले, तर कोणत्या उपायाने बरे वाटले ते कळत नाही आणि कोणत्या उपायाने नवे दुखणे आले तेही कळत नाही. जाणकाराकडे जावयाचे झाले तरी ही वही कामाला येते. "माझे लिनक्स चालत नाही" हा तक्रारअर्ज आम्ही कचेरीत दाखल करून घेणार नाही. कार्ड कोणते, वितरण व त्याची आवृत्ती कोणती, कर्नल कोणते, शेवटचा बदल काय केला, नोंदवहीत काय आले, हे लिहा. मग जाणकार माणूसही आनंदाने वेळ देतो. मोठा बदल करण्यापूर्वी मिंटमध्ये असलेल्या टाइमशिफ्टसारख्या साधनाने यंत्राची स्थिती जतन करावी. मात्र ते प्रणाली जतन करते. आपले कागद आपण वेगळे जपावेत.

वही कोणाच्या हाती?

कोणी विचारील, की एवढा खटाटोप करावाच का? याचे उत्तर देताना एक जुनी हकिगत सांगितली पाहिजे. तीही एका ड्रायव्हरचीच आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला. कागद वारंवार अडके. रिचर्ड स्टॉलमन या तिथल्या प्रोग्रामरने आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये बदल करून कागद अडकताच लोकांना संदेश जाईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरला तीच सोय करावी असे त्याच्या मनात होते, पण त्याचा मूळ मजकूर त्याला देण्यास नकार मिळाला. दुरुस्त करण्याची विद्या होती, इच्छा होती. दार बंद होते. अशा अनुभवांतून त्याने सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. पुढे १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने कर्नल लिहिले, आणि दोहोंच्या संगमातून आज आपण ज्याला लिनक्स म्हणतो ते उभे राहिले.

ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत हे दार हळूहळू किलकिले झाले. एएमडीने २००७ मध्ये आपल्या कार्डांची कागदपत्रे मोकळी करण्यास आरंभ केला. एनव्हिडियाशी वाद दीर्घकाळ चालला. २०१४ च्या सुमारापासून तिच्या कार्डांना निर्मात्याची सही असलेले फर्मवेअर लागू लागले, आणि त्यामुळे नूवोला ती कार्डे पूर्ण वेगाने चालविणे अशक्य झाले. २०१२ मध्ये खुद्द टोरवाल्ड्सने फिनलंडमधील एका जाहीर कार्यक्रमात त्या कंपनीविषयी अत्यंत कठोर शब्द वापरले होते. अखेर मे २०२२ मध्ये तिने ट्यूरिंग व त्यापुढील पिढ्यांसाठी आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधील भाग मोकळा केला. कर्नलबाहेरचा भाग आणि फर्मवेअर मात्र तिने आपल्याच हाती ठेवले.

आम्ही या हकिगतीकडे कामगाराच्या दृष्टीने पाहतो. वेतनाचा हिशेब मालकाच्या वहीत असतो आणि वही कामगाराला दाखवीत नाहीत, तोवर त्याने किती मिळाले हे मुकाट्याने मान्य करावे लागते. वही पाहण्याचा हक्क मिळाला म्हणजे वेतन लगेच वाढते असे नाही, पण भांडण्याला पाय मिळतात. मोकळा ड्रायव्हर ही अशी उघडलेली वही आहे. आम्हांस तिच्यातली आकडेमोड येत नाही, हे खरे; पण ज्यांना येते अशा हजारो परक्या माणसांनी ती तपासली आहे, आणि कंपनीने जुन्या कार्डाकडे पाठ फिरविली तरी ती माणसे ते चालू ठेवू शकतात. आमचा जुना संगणक आज चालतो तो त्यांच्या श्रमावर. लिनक्स फुकट मिळते म्हणून ते घ्यावे, असे आम्ही म्हणत नाही. फुकट तर काहीच नसते, कोणाचे तरी श्रम त्यात असतातच. आपण बदल्यात एवढे करावे, की आपल्यासारख्या दुसऱ्या नवख्याला थोडा वेळ द्यावा.

आमच्या कचेरीत आता दर रविवारी सकाळी तीन-चार माणसे आपापली यंत्रे घेऊन येतात. शिकविणारी ती मुलगीच. आम्ही वही लिहितो. परवा एक निवृत्त शिक्षक आले होते. पडदा काळा, चेहरा उतरलेला, नातीची छायाचित्रे आत. मुलीने त्यांना आधी एवढेच विचारले, "काका, कळ दाबल्यावर कंपनीचे चिन्ह दिसते का?" ते म्हणाले, "दिसते." ती म्हणाली, "मग बसा. छायाचित्रे आधी काढून घेऊ, बाकीचे मग पाहू." दुपारी ते गेले तेव्हा पडदा उजळला होता, आणि वहीत एक ओळ वाढली होती : सही नोंदविली नव्हती, ती नोंदविली.

ही वही आम्ही आज बरोबर आणली आहे. व्याख्यान संपल्यावर ती या टेबलावर राहील. ज्यांस हवी त्यांनी उतरून घ्यावी, आणि आमचे काही चुकले असल्यास समासात लिहून ठेवावे.